हाइलची अकरा मिनिटं

सुनेत्रा पोतनीसला आकड्यांनी आजवर कधी दगा दिला नव्हता, आणि त्याचा तिला थोडा ताठाही होता. मूळची इचलकरंजीची, पुण्यात सी.ए. झालेली, नवऱ्याच्या बँकेतल्या नोकरीपाठोपाठ रियाधला आलेली. तिथे नऊ वर्षं झाली होती, त्यातली सहा शहराच्या अल मलाझ भागातल्या एका कंपनीत. ही कंपनी परदेशातले व्हिडिओ गेम आणून अरब मुलखात विकायची. सुनेत्राने स्वतः जन्मात एक गेम खेळला नव्हता. कुठला गेम आणला तर परवडेल आणि कुठला आणला तर हात पोळतील, हे आधी सांगणं एवढंच तिचं काम. आणि ती सांगायची तसंच व्हायचं. ऑफिसातली पोरं तिला पाठीमागे 'नाही-मॅडम' म्हणायची. तिला ते ठाऊक होतं आणि, खोटं कशाला बोला, आवडतही होतं.

त्या वर्षी तिच्या टेबलावर आला 'सात विहिरी'. जपानमधल्या तेरा माणसांच्या एका छोट्या कंपनीचा हा रोलप्लेइंग गेम, म्हणजे गोष्टीतलं पात्र आपण व्हायचं आणि गोष्ट पुढे न्यायची. विहिरी खणणाऱ्या एका म्हाताऱ्याची मुलगी, कानो तिचं नाव, हरवलेल्या बापाला शोधत गावोगाव फिरते. सोबत चार सोबती. मारामारी थोडी, बोलणं अफाट. तेही कुणी बोलून दाखवत नाही, पडद्यावर वाक्यं उमटतात ती आपली आपण वाचायची. जपानातसुद्धा मोजकेच लोक असलं काही खेळतात. पहिले दोन भाग इंग्रजीतून सौदीत आले होते आणि वर्षभरात दुकानांतल्या सवलतीच्या टोपलीत जाऊन पडले होते.

आता तिसरा, शेवटचा भाग जपानीत निघाला होता. त्याचं इंग्रजी करायची त्या तेरा जणांमध्ये ताकद उरली नव्हती. ते म्हणाले, तुम्हाला अरबीत करायचा असेल तर करा, आम्ही हवी ती मदत करू. नाहीतर हा भाग जपानबाहेर जाणार नाही. सुनेत्राचे साहेब यूनुस, जेद्दाचे, बोलायला गोड आणि व्यवहाराला पक्के. त्यांनी फाईल तिच्यापुढे सरकवली. "मला हो किंवा नाही हवं. महिनाअखेरपर्यंत."

तिला महिना लागणारच नव्हता. तिने पहिल्या दोन भागांचे आकडे मागवले. कुणी किती वेळ खेळलं, कुठे थांबलं, कुठे सोडून दिलं, सगळी नोंद असते. असले आकडे आधी निवडावे लागतात, तांदळातले खडे काढावेत तसे. लोक गेम चालू ठेवून जेवायला जातात, झोपतात, मशीन तसंच राहतं. तो वेळ खेळाचा धरला तर हिशेब फुगतो. म्हणून सुनेत्राचा नियम होता, की पडदा तीन मिनिटांहून जास्त हलला नाही तर माणूस उठून गेला असं समजायचं आणि ती नोंद काढून टाकायची. सहा वर्षं हा नियम चालला होता. कुणी बोट ठेवलं नव्हतं.

एका मशीनने मात्र तिला हसवलं. हाइल शहराबाहेरचं मशीन. पाच वर्षांत नऊशे तास. आणि तेही कसे, तर प्रत्येक पानावर चार-चार मिनिटं थांबलेलं, मधूनच अकरा. मारामारीत थांबा, बोलण्यात थांबा, कानोची पाळी आली की हमखास अकरा मिनिटांचा थांबा. सुनेत्राने शेरा लिहिला, 'खेळाडू झोपाळू,' आणि ती अख्खी ओळ काढून टाकली. उरलेल्या आकड्यांनी स्वच्छ 'नाही' सांगितलं. अहवाल टाईप झाला. आता फक्त सही राहिली होती.

तेवढ्यात ती ईमेल आली. कंपनीच्या तक्रारपेटीत आलेली, आठ दिवस कुणी उघडली नव्हती. इंग्रजीत होती, पण पहिलं वाक्य वाचून सुनेत्रा खुर्चीत सरळ बसली. 'विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट.' ही चाल तिच्या ओळखीची होती. इचलकरंजीच्या शाळेत कुलकर्णी बाईंनी रजेचा अर्ज असाच घोकून घेतला होता. खाली लिहिलं होतं, की 'सात विहिरी'चा तिसरा भाग केव्हा येणार ते कृपया कळवावं, कारण आमच्या वाचणाऱ्या माणसाचा, म्हणजे अर्जदाराचा, इकामा म्हणजे राहण्याचा परवाना तीन महिन्यांत संपतोय आणि तो कायमचा मायदेशी निघालाय, त्यानंतर इथे वाचणारं कुणी उरणार नाही. आपला नम्र, जमालुद्दीन इस्माईल पारकर, पंपांचे सुटे भाग, हाइल. खाली फोन नंबर आणि मशीनचा नंबर. तोच, झोपाळू खेळाडूचा.

तिने फोन लावला आणि सरळ मराठीतच बोलली.

"तुमी मराठी?" पलीकडून आवाज आला. "गेमच्या कंपनीत? अल्ला, काय सांगता काय. कुठल्या तुमी, ताई?"

"इचलकरंजीची. तुम्ही रत्नागिरीकडचे ना?"

"राजिवड्याचा. एकतीस वरसं झाली इथं. पण फोन केलात हे लय बरं केलंत. येतोय का तिसरा भाग?"

सुनेत्राने उत्तर टाळलं. "चाचा, एक विचारायचं होतं. राग मानू नका. तुम्ही खेळता खेळता झोपता का?"

म्हातारा हसत सुटला. हसता हसता खोकला. "झोपल कोण, ताई? चाळीस माणसं बसलेली असतात. डुलकी लागली तर उठवून बाहेर काढतील मला. दर शुक्रवारी दुपारी, असरच्या नमाजानंतर. तुमी या की एकदा, बघून जावा."

चाळीस हा आकडा तिने मनातल्या मनात आठ करून घेतला. पण सही काही केली नाही. घरी कुमारला, म्हणजे नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो पोळीचा घास हातात धरून बघत राहिला. "सोळा वर्षांच्या संसारात मला आणायला कधी विमानतळावर आली नाहीस. आणि एका चुकलेल्या आकड्याला भेटायला हाइलला निघालीस?"

"चुकला नसेल तर?" ती म्हणाली. नियम आपला होता आणि तो चुकला असेल ही शंका तिला शांत बसू देईना, हे खरं कारण. ते तिने सांगितलं नाही.

शुक्रवारी सकाळच्या गाडीने ती निघाली. खिडकीबाहेर तासन्‌तास वाळू, मग हाइलजवळ पाण्याच्या फवाऱ्यांखालची गव्हाची गोल हिरवी शेतं. स्टेशनवर जमालुद्दीनचाचा आले होते, सोबत त्यांच्या पत्नी आबिदाभाभी. चाचा बुटके, पांढरी दाढी राखलेले, चष्म्याची एक काडी तांबड्या तारेने बांधलेली. भाभींनी सुनेत्राला जवळ घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "सोलकढी चालते ना? कोकम गावचं आहे."

पिकअपमध्ये चाचांनी सगळी हकीकत सांगितली. त्यांचे कफील, म्हणजे ज्यांच्या नावावर त्यांचा व्हिसा ते, अबू उमैर, गव्हाचे शेतकरी. एकतीस वर्षांपूर्वी त्यांच्या शेतावर पंप बसवायला चाचा आले आणि राहिले. दोघांत मालक-नोकर असं आता काही उरलं नव्हतं, सांधेदुखीची गोळी एकाच पाकिटातून घ्यायचे. अबू उमैरचा मुलगा उमैर, तो आता शाळेत मास्तर आहे, त्याने पाच वर्षांपूर्वी गेमचं मशीन आणलं. म्हाताऱ्या अबू उमैरने बघितलं, सगळे खेळ पळणारे आणि गोळ्या झाडणारे. म्हणाला, हा खेळ माझ्यासाठी थांबत नाही, मी काय बघू. मग उमैरने टोपलीतून हा स्वस्तातला उचलून आणला. यात आपली पाळी आली की खेळ थांबतो. आपण उत्तर देईपर्यंत तास गेला तरी थांबतो.

"तिथंच मेख आहे बघा, ताई," चाचा म्हणाले. "खेळ थांबला म्हणजे माणसाला बोलायला सवड मिळाली. आणि बोलायला सवड मिळाली तर हाइलचा माणूस घरी कशाला जाईल?"

उमैरला इंग्रजी यायचं पण धीर नव्हता. चाचा बारावी झालेले. ते वाचायला बसले आणि वाचलेलं हाइलच्या अरबीत सांगायला लागले. पहिल्या शुक्रवारी पाच जण होते.

शेतावरच्या मजलिसीच्या, म्हणजे बैठकीच्या दालनाच्या दाराशी सुनेत्राने चपला मोजल्या. सवयच ती. त्रेचाळीस जोड. आठ नव्हे हो, त्रेचाळीस. ती तिथेच उभी राहिली, तर भाभींनी तिचा हात धरून तिला पलीकडच्या बायकांच्या दालनात नेलं. तिथे आणखी सव्वीस जणी, मांडीवर पोरं, मधे खजूर आणि गहव्याची, म्हणजे अरबी कॉफीची किटली. भिंतीतून वायर ओढून इकडेही तेवढाच मोठा पडदा लावलेला, आणि वर एक छोटा स्पीकर, त्यातून चाचांचा आवाज.

आणि तो आवाज. गाडीत पंप आणि सांधेदुखीबद्दल बोलणारा माणूस तो हाच, यावर तिचा विश्वास बसेना. पडद्यावर इंग्रजीत एक वाक्य उमटायचं. चाचा ते आधी पुटपुटत वाचायचे, मग जरा गप्प, आणि मग सांगायला लागायचे. सुनेत्राला अरबी कामापुरतं येत होतं, इकामा, बिलं, खलास, यल्ला यांच्या जरा पुढचं. पण तिला सगळं कळत होतं. पाचव्या विहिरीवरचा वारा कळत होता. पडद्यावर लिहिलं होतं फक्त, 'विहीर कोरडी आहे.' चाचा सांगत होते, की दोर सोडला, सोडला, सोडतच गेले, आणि खालून दगडाला दगड लागल्यासारखा आवाज आला. इतकं साधं, पण पुरुषांच्या दालनातून एकदम सुस्कारा ऐकू आला. इथे दर वर्षी पाणी आणखी खाली जातं. कोरड्या विहिरीत दोर सोडणं काय असतं ते त्या सगळ्यांना ठाऊक होतं, आणि एकतीस वर्षं त्यांचे पंप खाली खाली उतरवणाऱ्या माणसालाही.

भाभी तिच्या कानाशी लागून समजावत होत्या. कानोच्या चार सोबत्यांपैकी एकेक जण एकेका गटाचा. वैदू म्हाताऱ्यांचा, शिपाई तरुणांचा, असं. त्याची पाळी आली की त्या गटाने ठरवायचं, इतरांनी सल्ला द्यायचा, पण ओढून घ्यायचं नाही.

"आणि कानो कुणाची?"

"कानो आमची," भाभी म्हणाल्या.

दुसरा भाग दोन वर्षांपूर्वीच संपला होता. शेवटी सातव्या विहिरीच्या काठावर कानो उभी राहते, आतून कुणीतरी तिला नावाने हाक मारतं, आणि पडदा काळा. बस. हाक कुणाची, यावर हाइलमध्ये दोन वर्षं वाद चालला होता. बाप म्हणणारे, बाप नव्हेच म्हणणारे, दोन भाऊ यावरून आठवडाभर एकमेकांशी बोलले नव्हते. म्हणून त्यांनी खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू केला, प्रत्येक ठिकाणी मागच्या वेळेपेक्षा वेगळं काहीतरी करून बघायचं, कुठे धागा सापडतो का. आज पाचव्या विहिरीवर कानोकडे एकच पखाल पाणी उरलं होतं. एकीकडे तिचा तापाने फणफणलेला सोबती, दुसरीकडे जखमी होऊन पडलेला तिचा वैरी. पाणी कुणाला द्यायचं?

खेळ थांबला. स्पीकरवर चाचांनी एवढंच म्हटलं, "कानोची पाळी." आणि पलीकडे त्रेचाळीस पुरुष गप्प झाले.

इकडे बायकांचं सुरू झालं. एक म्हणाली सोबत्याला, आपला तो आपला. दुसरी म्हणाली, मागच्या खेपेला त्यालाच दिलं, काय मिळालं? एक तरुण मुलगी म्हणाली, पाणी कुणालाच देऊ नका, कानोने स्वतः प्यावं, नेहमी बाईनेच का द्यायचं. यावर बराच वेळ गेला. तिला कुणी गप्प केलं नाही, उलट दोघी-तिघी तिच्या बाजूच्या झाल्या. शेवटी सगळ्यांनी कोपऱ्यातल्या उम्म उमैरकडे, अबू उमैरच्या पत्नीकडे पाहिलं. म्हातारीने कप हलवून गहवा पुरे असं सांगितलं आणि म्हणाली, माझ्या आजीच्या विहिरीवर पाणी मागणाऱ्याला नाव विचारायची रीत नव्हती. वैऱ्याला द्या. आधी प्यायला द्या, मग नाव विचारा.

भाभींनी निरोप पलीकडे पाठवला. पडदा हलला. सुनेत्राने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. अकरा मिनिटं.

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. रियाधच्या ऑफिसात बसून तिने ज्याला झोप म्हटलं होतं, ते हे होतं. ही सव्वीस बायकांची पंचायत आणि त्रेचाळीस पुरुषांची गप्प बसून पाहिलेली वाट तिने एका बटणाने खडा म्हणून काढून टाकली होती. लाज वाटली, फार लाज वाटली. पण खरं सांगायचं तर लाजेला जागाच उरली नव्हती, इतकं मन भरून आलं होतं. तेरा माणसांनी जपानमध्ये कुठेतरी एक गोष्ट रचली, आणि ती राजिवड्याच्या एका पंपवाल्याच्या तोंडून इथे पोचली, या गव्हाच्या शेतात. तिने आजवर इतकं मोठं काही पाहिलं नव्हतं.

मगरिबच्या, सूर्यास्ताच्या नमाजाला खेळ थांबला. जेवणं वाढली जात होती तेव्हा भाभींनी तिच्या मांडीवर तीन जाडजूड वह्या आणून ठेवल्या. "यांनी तुमच्यासाठी दिल्यात."

देवनागरीत लिहिलेलं अरबी. पाच वर्षं गेममधल्या प्रत्येक शब्दाला मजलिसीने कुठला शब्द ठरवला त्याची नोंद. एकेका शब्दावर वाद झालेला, कुणी सुचवला त्याचं नाव, तारीख. शेवटच्या पानावर मराठीत लिहिलं होतं, 'भाषांतर करणाऱ्यांस उपयोगी पडेल.'

सुनेत्राने वह्या मिटल्या. "भाभी, मला खोटं नाही बोलता येत. अहवालात मी 'नाही' लिहिलंय. सही तेवढी राहिलीय."

आबिदाभाभींचा हात ताटावर थांबला. त्या म्हणाल्या, "आज त्यांना नका सांगू. जेवण होऊन जाऊ दे. एकतीस वरसं लोकांचे पंप दुरुस्त केले त्यांनी. पण इथं त्यांना लोक पंपवाला म्हणून ओळखत नाहीत, ताई. रावी म्हणतात. गोष्ट सांगणारा. गोष्ट अर्धी टाकून गावी गेला माणूस, तर तो तिथं सुखाने बसेल का?"

परतीच्या गाडीत तिने मांडीवर संगणक उघडला, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा काढून टाकलेले आकडे परत आत घेतले. मग शोधायला लागली. जिथे बोलण्यावर पडदा थांबतो आणि निर्णयावर त्याहून जास्त थांबतो, अशी मशीनं किती. झोपणारा माणूस कुठेही झोपतो. नेमकं निवड करायच्या जागी दर वेळी कुणी झोपत नाही.

एक तबूकला सापडलं. दोन अबहाला. जेद्दाच्या अल अझीझियात एक घर होतं, ते फक्त रमजानच्या दुपारी खेळायचं आणि एकेका पानावर सहा मिनिटं थांबायचं. जिझानला एक, मस्कतला एक, पार अल्जीरियात एक. ती मोजत गेली आणि बुरैदा मागे पडेपर्यंत आकडा दोनशे चौदावर गेला. दोनशे चौदा ठिकाणी कुणीतरी कुणालातरी वाचून दाखवत होतं, आणि हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. गोष्ट रचणाऱ्या तेरा जणांनाही नाही. सुनेत्रा डब्यात बसल्या बसल्या रडली. शेजारच्या बाईने तिला कागदी रुमाल दिला.

पण रडून व्यवहार होत नाही. यूनुस साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, चहा संपवला आणि म्हणाले, "म्हणजे एक प्रत विकली आणि एकोणसत्तर लोकांनी फुकट ऐकली. सुनेत्रा, तू मला जगातलं सगळ्यात वाईट गिऱ्हाईक शोधून आणलंस."

"ते एकत्र बसतात कारण एकालाच वाचता येतं," ती म्हणाली. "अरबीत आणला तर प्रत्येकाला आपापल्या घरी खेळता येईल. दोनशे चौदा ठिकाणची माणसं धरली आणि त्यातल्या पाचातल्या एकाने घेतला, तरी तीन वर्षांत खर्च निघतो. वर फारसं उरत नाही. तोटाही नाही. पहिल्या वर्षी नफा दिसेल असं मी लिहून देणार नाही." आणि तिने वह्या टेबलावर ठेवल्या. "शब्द ठरवायचं काम झालेलंय."

साहेबांनी वह्या चाळल्या. अक्षर कळत नव्हतं, तरी बराच वेळ चाळल्या. "नाही-मॅडमनी आयुष्यात पहिल्यांदा हो म्हटलंय," ते म्हणाले. म्हणजे साहेबांनाही ते नाव ठाऊक होतं. "करू या. छोट्या प्रमाणावर."

काम झालं तरी सुनेत्राला स्वतःचंच बोलणं टोचत राहिलं. तिने हिशेब जुळवला होता तो कशाच्या जोरावर? ती मजलिस मोडेल, सगळे आपापल्या घरी जाऊन एकेकटे खेळतील, या जोरावर. जे बघून तिच्या अंगावर काटा आला होता तेच मोडून त्याची तिने विक्री केली होती. चाचांना फोनवर सांगितलं तेव्हा ते इतके खूश झाले की तिला पुढे बोलताच आलं नाही. मराठी वाचू शकणारा एक भाषांतरकार जेद्दाहून मिळाला, तो त्या वह्या उशाशी ठेवून काम करत होता. तरी तीन महिन्यांत ते होणं शक्य नव्हतं. चाचांची फायनल एक्झिट, म्हणजे कायमची परतपाठवणी, ठरल्या दिवशीच झाली. अबू उमैर विमानतळापर्यंत गेले आणि दोघे म्हातारे म्हणे आत सोडायच्या दारापाशी पोरांसारखे रडले.

त्यानंतर आठ महिन्यांनी गेम अरबीत निघाला. गाजावाजा नाही, आणि बुडालाही नाही. सुनेत्राने म्हटलं होतं तसाच, जेमतेम पण तिने आखलेल्या रेषेच्या वर चालला. हाइलमध्ये एकतीस प्रती खपल्या. ती तो आकडा बघत बसली. एकतीस घरं. आपण बरोबर ठरलो याचं दुःख होणारी सी.ए. जगात तीच एक असेल.

निघाल्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यात रविवारी तिच्या हाताखालचा शर्विल संगणक घेऊन आला. नागपूरचा पोरगा, नवीन, चटपटीत. "मॅडम, हाइलचं एक मशीन गडबड करतंय. दर शुक्रवारी दुपारी चालू, आणि एकेका पानावर नऊ-नऊ, बारा-बारा मिनिटं थांबलेलं. अरबी तर सगळ्यांना वाचता येतं. कुणी झोपलं असणार. काढून टाकू?"

"थांब," सुनेत्रा म्हणाली.

नंबर तोच होता. पण आता थांबा पूर्वीपेक्षा मोठा. चाराऐवजी नऊ. तिला कळेना. वाचणाऱ्याची गरज उरली नव्हती, मग वेळ वाढला कसा? पुढचा शुक्रवार येईपर्यंत तिने दम धरला, आणि नेमक्या त्या वेळेला घरून राजिवड्याला भाभींच्या नंबरवर फोन लावला.

"ताई, जरा हळू बोला हं," आबिदाभाभी कुजबुजल्या. "यांचं चाललंय."

"काय चाललंय, भाभी?"

"उमैरचा फोन आलाय ना. दर शुक्रवारी येतो. तो तिथून मजलिसीत वाचून दाखवतो यांना, अरबीत. घरोघरी गेम आहेत त्यांच्या, पण शुक्रवारी रावीशिवाय पुढचं पान उलटायचं नाय असं ठरलंय त्यांचं."

गॅसपाशी उभी असलेली सुनेत्रा स्टूल ओढून बसली. फोनमधून लांबून उमैरचा सावकाश वाचणारा आवाज ऐकू येत होता. मग चाचांचा, "सबर, उमैर, सबर." आणि मग तोच आवाज, पाचव्या विहिरीत दोर सोडणारा, पण आता मराठीत. राजिवड्याच्या मराठीत. कानो सातव्या विहिरीत उतरत होती, आणि पायरीला शेवाळ होतं, आणि आत खाडीच्या पाण्यासारखा वास होता.

"कुणाला सांगतायत?" तिने विचारलं.

"ओटीवर बसलेत सगळे. पहिल्यांदा आमी दोघंच होतो. मग शेजारची अलका आली, मग तिची सासू, मग मच्छीवाल्या दोघी. आज बावीस माणसं आहेत. यांचं सांगून होईपर्यंत हाइलवाले तिकडे थांबतात बिचारे. घाई करत नाहीत." मग भाभींनी आवाज आणखी खाली आणला. "ताई, तुमाला तर ठाऊक असेल ना, विहिरीतनं हाक कोणी मारली ते?"

सुनेत्राला ठाऊक होतं. अख्खी गोष्ट तिच्या टेबलावरून गेली होती.

"हो, भाभी."

"सांगू नका. इथं अजून पोचलं नाय ते." आणि मग भाभी म्हणाल्या, "फोन ठेवते हं मी, कानोची पाळी आली. या खेपेला आमाला ठरवायचंय."

पण फोन ठेवायचं त्या विसरल्या. सुनेत्रा रियाधला स्वयंपाकघरात बसून ऐकत राहिली. बावीस माणसं एकदम बोलत होती, आणि हाइलमध्ये मजलिसभर माणसं गप्प राहून वाट बघत होती. तिने शर्विलला निरोप पाठवला, ती ओळ ठेव. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहायचं नाही असं ठरवून तिने गॅस बंद केला.